लिअर केंटचे का ऐकत नाही?

शेक्सपिअरचे ‘किंग लिअर’ पहिल्यांदा वाचणारा माणूस पहिला प्रवेश संपण्यापूर्वीच अस्वस्थ होतो. ऐंशी उलटलेला राजा आपले राज्य तीन मुलींमध्ये वाटायला बसतो, ‘माझ्यावर सर्वांत जास्त प्रेम कोणाचे’ अशी भर दरबारात परीक्षा घेतो, गोड बोलणाऱ्या थोरल्या दोघींना राज्य देतो आणि मोजके, खरे बोलणाऱ्या धाकट्या कॉर्डेलियाला एक कपर्दिकही न देता घराबाहेर काढतो. त्याच क्षणी केंट नावाचा जुना सरदार पुढे येऊन सांगतो की हा निर्णय चुकीचा आहे, धाकटीचे प्रेम जराही कमी नाही आणि दिलेला शब्द मागे घेण्यातच राजाचे हित आहे. सल्ला वेळेवर मिळालेला आहे, तो योग्य आहे आणि देणाऱ्याच्या निष्ठेबद्दल कोणाला शंका नाही. तरीही राजा ऐकत नाही, उलट केंटलाच हद्दपार करतो.

त्या काळातल्या एकामागून एका इंग्रजी शोकांतिकेत असेच घडते. ज्यूलियस सीझरला एकाच दिवसात अनेकांकडून इशारे मिळतात. डॉक्टर फाउस्टसच्या कानाशी साक्षात देवदूत बोलतो. दुसऱ्या रिचर्डला मरणाच्या दारातला काका समजावतो. वर्गात ही नाटके शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपासून प्रयोगाला आलेल्या प्रेक्षकांपर्यंत सर्वांना मग एकच कोडे पडते: इतक्या मोठ्या माणसांना इतके साधे का कळत नाही, की कथा पुढे सरकावी म्हणून लेखकानेच त्यांना बहिरे केले आहे? माझे मत असे आहे की सल्ला नाकारला जातो तो प्रसंगच या नाटकांचा गाभा आहे, आणि नायकाला ज्या गुणामुळे मोठेपण मिळाले, बहुतेक वेळा तोच गुण त्याला ऐकू देत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी

प्रबोधनकाळ म्हणजे युरोपात प्राचीन ग्रीक आणि रोमन ग्रंथांचा अभ्यास नव्याने सुरू झाला आणि त्यातून शिक्षण, राज्यकारभार, कला यांबद्दल नवा विचार होऊ लागला तो काळ. इटलीत त्याची सुरुवात चौदाव्या शतकात झाली. इंग्लंडच्या रंगभूमीवर त्याचा बहर बराच उशिरा, साधारण १५६० नंतर आला आणि १६४२ मध्ये पार्लमेंटने नाटकगृहे बंद केली तेव्हा तो थांबला. शोकांतिका म्हणजे ज्यात सामान्यतः उच्च पदावरची, पराक्रमी किंवा असामान्य बुद्धीची व्यक्ती विनाशाकडे जाते आणि त्या विनाशात तिच्या स्वतःच्या कृतीचा वाटा असतो असे नाटक. या व्याख्येचा शेवटचा भाग आपल्या विषयासाठी महत्त्वाचा आहे, कारण केवळ वीज पडून मेलेल्या माणसाबद्दल आपल्याला दुःख होते, पण ‘हे टळले असते’ ही टोचणी लागत नाही. ती टोचणी लागण्यासाठी दुसरा रस्ता प्रत्यक्ष दिसावा लागतो, आणि रंगमंचावर तो दाखवण्याचे काम सल्लागार करतो.

न ऐकणारा राजा हा काही इंग्रज नाटककारांचा शोध नव्हता. ग्रीक नाटकांत तायरीसिअस या अंध द्रष्ट्याचे बोलणे ईडिपस धुडकावतो आणि क्रेऑन आपल्या मुलाचे ऐकत नाही. मात्र सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये या जुन्या प्रसंगाला एक ताजा, राजकीय अर्थ आला.

साधी काच आणि सोन्याचा पेला

तो अर्थ सर्वांत उघडपणे दिसतो तो ‘गॉर्बोडक’ या नाटकात. थॉमस नॉर्टन आणि थॉमस सॅकव्हिल या दोघांनी ते लिहिले. १५६१ च्या नाताळच्या उत्सवात लंडनमधील इनर टेंपल या कायद्याच्या विद्यापीठासारख्या संस्थेत ते सादर झाले आणि १८ जानेवारी १५६२ रोजी व्हाइटहॉलच्या राजवाड्यात पहिल्या एलिझाबेथ राणीसमोर त्याचा प्रयोग झाला. राजा गॉर्बोडक जिवंतपणीच आपले राज्य फेरेक्स आणि पॉरेक्स या दोन मुलांना वाटून द्यायचे ठरवतो आणि मंत्र्यांचे मत विचारतो. एक मंत्री पूर्ण होकार देतो, दुसरा वाटणीला मान्यता देतो पण ती मृत्यूनंतर व्हावी असे म्हणतो, आणि तिसरा, यूब्युलस, ‘राज्याचे तुकडे करू नका’ असे स्पष्ट सांगतो. राजा त्याचे ऐकत नाही. मग भाऊ भावाला मारतो, आई उरलेल्या मुलाला मारते, प्रजा बंड करून राजाराणीला मारते आणि देश यादवीत बुडतो.

या नाटकात प्रत्येक अंकाआधी एक मूक देखावा आहे. दुसऱ्या अंकाआधीच्या देखाव्यात राजा सिंहासनावर बसलेला असतो. एक वयस्कर, गंभीर गृहस्थ त्याला साध्या काचेच्या पेल्यातून मद्य देऊ करतो आणि राजा ते नाकारतो. मग एक देखणा तरुण सोन्याच्या पेल्यात विष घेऊन येतो, राजा ते पितो आणि तिथेच कोसळतो. काच पारदर्शक असते, तिच्यात काय आहे ते दिसते, आणि सच्चा सल्ला तसाच असतो. खुशामत सोन्यात येते आणि आत काय आहे ते लपवते, असा अर्थ छापील नाटकातच सांगितलेला आहे. हा देखावा मला पुढच्या साठ-सत्तर वर्षांच्या नाटकांची किल्लीच वाटतो. राजाने नाकारलेले मद्य कडू असल्याचे कोणी म्हटलेले नाही. ते साध्या भांड्यात आले आणि राजाला साधे भांडे आपल्या योग्यतेचे वाटले नाही, एवढेच.

समोर बसलेल्या राणीला यातला रोख कळला नसेल असे मानणे कठीण आहे. ती अविवाहित होती, वारस ठरलेला नव्हता, आणि नाटकाचा लेखक नॉर्टन हा पार्लमेंटचा सभासद होता, जिथे वारसाचा प्रश्न पुढच्याच वर्षी राणीपुढे रेटण्यात आला. म्हणजे सल्ला नाकारणाऱ्या राजाचे हे नाटक स्वतःच राज्यकर्तीला दिलेला एक सल्ला होते.

सल्ला द्यायचा, पण कसा आणि कोणी?

त्या काळच्या सुशिक्षित इंग्रज माणसाला शाळेपासून शिकवले जाई ते वक्तृत्व: एखाद्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडणे, श्रोत्याला पटवणे. या शिक्षणाचा सर्वांत प्रतिष्ठेचा उपयोग म्हणजे राज्यकर्त्याला सल्ला देणे. इरॅस्मस या डच विद्वानाने १५१६ मध्ये राजपुत्राच्या शिक्षणावर ग्रंथ लिहिला आणि त्यात खुशामतखोरांपासून दूर राहण्यावर भर दिला. त्याच वर्षी थॉमस मोरचे ‘यूटोपिया’ प्रसिद्ध झाले. त्याच्या पहिल्या भागात याच प्रश्नावर वाद रंगतो: शहाण्या माणसाने राजाच्या सेवेत जावे का? हिथ्लोडे नावाचे पात्र म्हणते की व्यर्थ आहे, राजांना फक्त स्वतःच्या मताला दुजोरा हवा असतो. मोर या नावानेच वावरणारे दुसरे पात्र म्हणते की वादळ थांबवता येत नाही म्हणून जहाज सोडून जायचे नसते. पुढे खरा मोर आठव्या हेन्रीच्या सेवेत गेला, राज्याचा चॅन्सेलर झाला, आणि राजाचे धर्मविषयक सर्वश्रेष्ठत्व मान्य करायला तयार न झाल्यामुळे १५३५ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला.

मॅकियाव्हेली या इटालियन राजकीय विचारवंताने हा प्रश्न राजाच्या बाजूने पाहिला. ‘द प्रिन्स’च्या तेविसाव्या प्रकरणात तो म्हणतो की राजाने थोडे शहाणे लोक निवडावेत आणि त्यांना खरे बोलण्याची मोकळीक द्यावी, पण राजा विचारेल तेव्हाच आणि विचारेल त्याच गोष्टीबद्दल. कोणीही उठून खरे बोलू लागला तर राजाचा मान राहत नाही. हा मुद्दा ध्यानात ठेवला तर केंटचा प्रसंग वेगळा दिसू लागतो, कारण केंटला कोणी विचारलेले नव्हते.

न विचारता बोलण्याची किंमत प्रत्यक्षात काय होती हे जॉन स्टब्जच्या हकिगतीवरून कळते. १५७९ मध्ये एलिझाबेथ राणी फ्रान्सच्या ड्यूक ऑफ अँजूशी विवाह करील अशी चिन्हे होती. स्टब्जने त्याविरुद्ध एक पुस्तिका छापली. तो राजनिष्ठ होता आणि आपण देशहिताचा सल्ला देत आहोत अशीच त्याची भावना होती. त्याचा उजवा हात भर चौकात तोडण्यात आला. हात तुटताच त्याने डाव्या हाताने टोपी उंचावून राणीच्या दीर्घायुष्याची प्रार्थना केली असे सांगतात. याच विवाहाविरुद्ध सर फिलिप सिडनीनेही राणीला लिहिले होते, पण ते हस्तलिखित पत्र होते, लिहिणारा उमराव घराण्याशी जोडलेला होता आणि मजकूर बाजारात विकायला आलेला नव्हता. त्याचा हात शाबूत राहिला. सल्ला जवळपास तोच, पण कोणी, कुठे आणि कोणासमोर दिला यावर सारे ठरले.

‘माझ्या स्वभावाला आणि माझ्या पदाला हे सोसणार नाही’

आता लिअरच्या दरबारात परत जाऊ. समजा, एखाद्या घरात कर्त्या आजोबांनी भावकी, सोयरे आणि गावातली चार मोठी माणसे बोलावून वाटणी जाहीर केली, आणि सगळ्यांच्या देखत घरच्या जुन्या दिवाणजीने उठून ‘तुम्हाला भ्रम झाला आहे’ असे म्हटले. बोलणे शंभर टक्के खरे असले तरी आजोबांपुढे आता दोन प्रश्न उभे राहतात: वाटणी बरोबर आहे का, आणि या घरात शब्द कोणाचा चालतो. भरल्या बैठकीत दुसरा प्रश्न पहिल्याला गिळून टाकतो.

लिअरचे नेमके हेच होते, आणि विशेष म्हणजे तो ते स्वतःच्या तोंडाने सांगतो. केंटवर तो ठेवतो तो आरोप सल्ला चुकीचा असल्याचा नाही. तो म्हणतो की तू माझा शब्द मोडायला लावतोस, माझा निर्णय आणि माझी सत्ता यांच्यामध्ये येतोस, आणि हे माझ्या स्वभावाला किंवा माझ्या पदाला सोसणारे नाही. स्वभाव आणि पद या दोन्ही गोष्टी तो एका दमात घेतो, कारण त्याच्या लेखी त्या वेगळ्या राहिलेल्याच नाहीत. आयुष्यभर राजा असलेला माणूस राज्य देऊन टाकतो आणि राजेपण मात्र ठेवू पाहतो. केंटचे ऐकायचे म्हणजे आपण सत्ता सोडल्यावर फक्त एक म्हातारा माणूस उरतो हे मान्य करायचे. केंट त्याला ‘म्हाताऱ्या, काय करतो आहेस?’ असेच विचारतो, आणि तेवढा एक शब्द लिअरला सर्वांत जास्त झोंबला असावा.

केंटची बाजू घेताना आपण एक विसरतो. तोही रागावलेला आहे. राजाला वेडा म्हणण्यापर्यंत तो जातो आणि म्हणतो की सत्ता जेव्हा खुशामतीपुढे वाकते तेव्हा सरळ बोलणे हेच इमानाचे काम आहे. हे वाक्य उदात्त आहे, पण ते ऐकून कोणता राजा निर्णय बदलील? शेक्सपिअर इथे सत्य आणि परिणामकारकता यांच्यातली दरी उघडी ठेवतो. केंट खरा आहे आणि तो असफल होतो. मग वेषांतर करून, नोकर बनून परत येतो आणि सल्ला देण्याऐवजी सेवा करू लागतो. विदूषकही राजाला खरेच सुनावत राहतो, ‘शहाणा होण्याआधी म्हातारा व्हायला नको होतास’ असे म्हणतो, आणि त्याला ते खपते, कारण विदूषकाला बोलण्याची मुभा असते. त्याचा सल्ला मात्र वाटणी होऊन गेल्यावर येतो, जेव्हा त्याचा उपयोग फक्त जखमेवर बोट ठेवण्यापुरता असतो.

पुढे वादळात भिजलेला, भ्रमिष्ट झालेला लिअर म्हणतो की लोकांनी मला सांगितले होते की मी सर्व काही आहे. ते खोटे आहे, मलाही हुडहुडी भरते. केंटला जे चार वाक्यांत सांगायचे होते ते त्याला पावसाने शिकवले. नाटकाच्या अखेरीस केंट आपली खरी ओळख सांगतो तेव्हा लिअरच्या मांडीवर कॉर्डेलियाचे प्रेत आहे आणि आपल्या सेवेत असलेला तो विश्वासू नोकर म्हणजे केंटच होता हे त्याच्यापर्यंत धड पोहोचतही नाही. मला तरी सबंध नाटकातला हा सर्वांत निष्ठुर क्षण वाटतो.

२६ डिसेंबर १६०६ रोजी हे नाटक पहिल्या जेम्स राजासमोर झाले. इंग्लंड आणि स्कॉटलंड एक करण्यासाठी धडपडणारा हा राजा, आपल्या मुलासाठी लिहिलेल्या ‘बॅसिलिकॉन डोरॉन’मध्ये राज्याची वाटणी करू नकोस असे बजावून गेला होता. विभागणीचा धडा त्याला नवा नव्हता. भर दरबारात सरळ बोलणाऱ्या सरदाराचे काय करावे, हा धडा मात्र कोणत्याही राजाला अवघडच. वि. वा. शिरवाडकरांनी ‘नटसम्राट’मध्ये लिअरची ही गाठ मराठी घरात आणली तेव्हा राज्य गेले आणि त्या जागी निवृत्त नटाची पुंजी आली, पण सारे देऊन टाकल्यावरही मान मात्र पूर्वीचाच मिळेल ही समजूत तशीच राहिली. ‘समोरचे ताट द्यावे, पण बसायचा पाट देऊ नये’ हा आपल्याकडचा सल्ला केंटच्या सल्ल्याहून फार दूर नाही.

मग हे नायक मूर्खच म्हणायचे का?

नाही, आणि हे सर्वांत स्पष्ट होते ते १५९९ च्या सुमाराच्या ‘ज्यूलियस सीझर’मध्ये. सीझरला ज्योतिषी सांगतो की मार्चच्या पंधरा तारखेला सावध राहा. पत्नी कॅल्पूर्निया स्वप्न सांगते की त्याच्या पुतळ्यातून रक्ताच्या धारा वाहत होत्या. बळी दिलेल्या जनावराच्या देहात काळीजच सापडले नाही असा पुरोहितांचा निरोप येतो. सीझर घरी राहायला तयारही होतो. तेवढ्यात सीझरच्या खुनाच्या कटातला डीसियस येतो, तेच स्वप्न शुभ असल्याचे सांगतो आणि हळूच सुचवतो की सीझर घाबरला असे लोक कुजबुजतील. सीझर निघतो. हाच डीसियस आधी म्हणालेला असतो की तुम्हाला खुशामत आवडत नाही असे मी त्याला सांगतो तेव्हा तो हो म्हणतो, आणि तीच त्याची सर्वांत मोठी खुशामत असते. सीझर स्वतःचा उल्लेख सारखा ‘सीझर’ असाच करतो, जणू तो एका पुतळ्याबद्दल बोलत आहे. ‘मी कशाला भिणार, मी सीझर आहे’ अशा अर्थाचे बोलून तो लगेच पुढच्याच ओळीत म्हणतो की माझ्या उजव्या बाजूला ये, हा कान मला ऐकू येत नाही. एका कानाचा हा बहिरेपणा प्लूटार्क या प्राचीन ग्रीक लेखकाने लिहिलेल्या, शेक्सपिअरने आधाराला घेतलेल्या चरित्रात नाही. तो शेक्सपिअरने घातला आहे.

कटाचा म्होरक्या ब्रूटस याचे उदाहरण मला याहूनही बोलके वाटते, कारण तो गर्विष्ठ नाही, सज्जन आहे. कटातला त्याचा साथीदार कॅसियस त्याला तीनदा व्यवहारी सल्ला देतो: सीझरचा मित्र अँटनी यालाही मारा, निदान त्याला अंत्यसंस्काराच्या वेळी बोलू देऊ नका, आणि शत्रूला आपल्याकडे येऊ द्या, आपण फिलिपायला जाऊ नये. तिन्ही वेळा ब्रूटस नकार देतो आणि तिन्ही वेळा परिणाम वाईट होतो. पहिल्या नकाराचे कारण तर उदात्तच आहे: आपण खाटीक नाही, आपल्याला एकच बळी द्यायचा आहे. माणसाच्या व्यवहारात एक भरती असते, ती साधली तर भाग्य उजळते, ही ब्रूटसची ओळ आज प्रेरणादायी सुभाषित म्हणून जिथे तिथे उद्धृत होते. नाटकात मात्र ती तिसरा सल्ला धुडकावताना आलेली आहे आणि ती ज्या मार्गाचे समर्थन करते तो मार्ग पराभवाकडे जातो. कॅसियस दर वेळी माघार घेतो, कारण ब्रूटसची स्वच्छ प्रतिमा हेच कटाचे भांडवल आहे. ज्याच्या सच्चेपणावर आपण उभे आहोत त्यालाच त्या सच्चेपणाविरुद्ध वागायला कसे सांगणार?

मॅकबेथच्या बाबतीत सल्लागार त्याच्या आतच बसलेला आहे. राजा डंकनच्या खुनाआधी तो स्वतःशी सगळी कारणे मोजतो: मी त्याचा आप्त आहे, प्रजाजन आहे, आज यजमान आहे. त्याआधी त्याचा सहकारी सरदार बँको यानेही सांगून ठेवले आहे की अंधारातल्या शक्ती लहानसहान खरे बोलून मोठ्या गोष्टीत घात करतात. मॅकबेथ पत्नीला सांगतोही की आता हे पुढे न्यायचे नाही. ती त्याच्या मर्दपणावर बोट ठेवते आणि काही क्षणांत सारे फिरते. लिअरला राजेपण, सीझरला निर्भयता, ब्रूटसला शुचिता, मॅकबेथला शौर्य: ज्या एका गोष्टीवर प्रत्येकाची स्वतःबद्दलची कल्पना उभी आहे, सल्ला ऐकल्यास तिलाच तडा जातो. त्यामुळे सल्ला कळूनही तो पाळणे त्यांना स्वतःला पुसून टाकण्यासारखे वाटते.

सगळे विधिलिखितच असेल, तर सल्ल्याला अर्थ काय?

ही शंका रास्त आहे, विशेषतः ज्या काळात ईश्वराने कोणाचा उद्धार व्हायचा हे आधीच ठरवले आहे असे प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या अनुयायांचे मत इंग्लंडमध्ये प्रबळ होते. क्रिस्टोफर मार्लोचे ‘डॉक्टर फाउस्टस’ याच भीतीवर उभे आहे. विटेनबर्गचा हा महापंडित चोवीस वर्षांच्या सामर्थ्यासाठी सैतानाला आत्मा विकतो. चांगला देवदूत त्याला ते शापित पुस्तक बाजूला ठेवायला सांगतो. करारावर सही करताना त्याचे रक्तच गोठते आणि दंडावर ‘माणसा, पळ’ अशी लॅटिन अक्षरे उमटतात. सर्वांत आश्चर्याची गोष्ट म्हणजे सैतानाचा दूत मेफिस्टोफिलिसही त्याला सांगतो की हे मागणे सोड, माझाच थरकाप होतो. मग तू नरकाबाहेर कसा असे विचारल्यावर तो म्हणतो की हाच नरक आहे आणि मी त्यातून बाहेर नाही. फाउस्टस त्यालाच मर्दासारखे धीट राहायला शिकवतो. पुढे तर नरक ही दंतकथा आहे असे तो समोर उभ्या असलेल्या नरकवासीला सांगतो.

फाउस्टसचा विनाश आधीच ठरलेला होता का? नाटक दोन्ही बाजूंना पुरावा देते. तो एकदा ख्रिस्ताला हाक मारतो तेव्हा ख्रिस्ताऐवजी ल्युसिफर येतो, आणि प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो. पण अखेरच्या अंकात एक वृद्ध सज्जन येऊन अजूनही क्षमा मिळू शकते असे सांगतो, आत्महत्येच्या क्षणी त्याचा हात धरतो, आणि फाउस्टस क्षणभर वळतोही. मेफिस्टोफिलिस शरीराचे तुकडे करण्याची धमकी देतो, आणि फाउस्टस क्षमा मागून विनंती करतो की त्या म्हाताऱ्याचाच छळ कर. हे कोणत्याही नियतीने त्याच्याकडून करवून घेतलेले दिसत नाही. सल्ला नाकारणारा माणूस सल्लागाराचा शत्रू कसा होतो, याचे याहून भीषण चित्र मला त्या काळच्या रंगभूमीवर आठवत नाही.

भविष्यवाणीबद्दलही एक बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे. ज्योतिषी सीझरला ‘तू मरणार’ असे सांगत नाही, ‘सावध राहा’ असे सांगतो. सावध राहायला सांगणे म्हणजे वेगळे वागता येते हे गृहीत धरणे. हॅम्लेटचा नकार मात्र या सर्वांहून निराळा आहे. द्वंद्वाआधी त्याचे मन कचरते. त्याचा मित्र होरेशिओ म्हणतो की मन नको म्हणत असेल तर त्याचे ऐक, मी सामना टाळतो. आणि हॅम्लेट शांतपणे सांगतो की चिमणी पडते तीही ईश्वरी योजनेनेच, आपण तयार असावे म्हणजे झाले. त्यात अहंकार नाही आणि घाईही नाही, आणि म्हणून तिथे आपण त्याच्यावर चिडत नाही.

सल्लागार नेहमी बरोबरच असतो का?

मुळीच नाही, आणि या नाटकांचा प्रामाणिकपणा इथेच दिसतो. कॅसियसचा ‘चांगला’ सल्ला म्हणजे आणखी एका माणसाचा खून. ‘हॅम्लेट’मधला पोलोनियस मुलाला सुंदर उपदेश करतो आणि मग त्याच मुलावर हेर पाठवतो. ऑथेल्लोची शोकांतिका तर उलटीच आहे: तो सल्ला ऐकतो, पण इयागोचा. इयागो त्याला मत्सरापासून जपायला सांगतो, आणि वरवर पाहता हा उत्तम सल्ला मत्सर पेटवण्यासाठीच वापरलेला असतो. त्याच वेळी त्याची पत्नी डेस्डेमोना आणि इयागोची पत्नी एमिलिया जे सांगतात त्याला तो सल्ला किंवा साक्ष मानतच नाही. कॅल्पूर्निया, डेस्डेमोना, एमिलिया: ज्यांना खरे अचूक दिसते अशा कितीतरी बायका या नाटकांत आहेत, पण त्यांचे बोलणे भीती किंवा बडबड समजून बाजूला सारले जाते. हा योगायोग नसावा.

जॉन वेब्स्टरच्या ‘द डचेस ऑफ मॅल्फी’मध्ये सुरुवातीलाच एक पात्र फ्रान्सच्या दरबाराची स्तुती करते, कारण तिथले मंत्री राजाला काळाच्या दोषांबद्दल निर्भयपणे सांगतात. मग लगेच डचेसचे दोन भाऊ तिला पुनर्विवाह करू नको असे बजावतात. ती ऐकत नाही आणि प्राणाला मुकते. पण हा सल्ला शहाणा होता असे कोणता प्रेक्षक म्हणेल? तो मालकी हक्काची धमकी होती. सुरक्षिततेच्या हिशेबाने ती चुकली. माणूस म्हणून चुकली नाही.

आणि ऐकले असते तर?

शेक्सपिअरच्या आधीच रंगभूमीवर आलेल्या आणि १६०५ मध्ये छापल्या गेलेल्या ‘किंग लिअर’च्या जुन्या नाटकात राजा शेवटी धाकट्या मुलीच्या मदतीने पुन्हा गादीवर बसतो. म्हणजे हाती असलेला सुखाचा शेवट शेक्सपिअरने जाणूनबुजून टाकून दिला. पण सल्ला ऐकल्यावर काय होते हे त्याने १६०८ च्या सुमाराच्या ‘कोरिओलेनस’मध्ये थेट दाखवले आहे. या रोमन योद्ध्याला लोकांपुढे नम्र व्हायचे नसते. आई व्होलम्निया आणि वडीलधारा मित्र मेनेनियस त्याला सौम्य बोलायला सांगतात. तो मान्य करतो, सौम्य राहण्याचे ठरवून जातो, आणि ‘देशद्रोही’ हा शब्द कानी पडताच भडकून हद्दपारी ओढवून घेतो. सल्ला पटणे वेगळे आणि तो निभावणे वेगळे.

मग तो शत्रूच्या सैन्याचा सेनापती होऊन रोमवर चालून येतो, आणि आई गुडघे टेकून त्याला परत फिरण्याची विनवणी करते. या वेळी तो ऐकतो. छापील नाटकात इथे एक सूचना आहे: तो काही न बोलता तिचा हात धरतो. मग म्हणतो की आई, तू रोमसाठी विजय मिळवलास, पण तुझ्या मुलासाठी हे फार धोक्याचे, बहुधा प्राणघातक ठरणार आहे. तरी येऊ दे जे यायचे ते. रोम वाचते. शत्रूच्या नगरात परतल्यावर त्यांचा सेनानी ऑफिडियस त्याला ‘रडवे पोर’ म्हणून हिणवतो, तो पुन्हा पेटतो, आणि जमाव त्याच्या रक्तासाठी ओरडू लागतो. नगरातले उमराव चारदा ‘थांबा’ असे ओरडतात, पण तोवर कटवाल्यांच्या तलवारी चाललेल्या असतात.